सारसाच्या वाटेतल्या वीजतारा: गावाने कोणते काम, कोणत्या क्रमाने करायचे

महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातच उरला आहे, तोही अगदी थोडा. एक पक्षी तारेला लागून मेला की जोडी फुटते आणि त्या हंगामाची पिल्लेही जातात. मग गावात हळहळ होते, फोटो फिरतात, कोणीतरी 'सारस वाचवा' असा अर्ज लिहून तहसीलला देतो. त्या अर्जात खांबाचा क्रमांक नसतो, फीडरचे (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीचे) नाव नसते. मागणी असते ती खांबाच्या टोकावर प्लास्टिकचे आवरण बसवण्याची. सारस खांबावर बसतच नाही. त्याच्या पायाचे मागचे बोट आखूड आणि वर असते, त्याला फांदी किंवा तार धरता येत नाही. म्हणजे अर्ज मंजूर झाला तरी पक्षी वाचत नाही.

काम उलट्या क्रमाने होते, म्हणून फसते. आधी पक्ष्यांची रोजची वाट, मग त्या वाटेवरची नेमकी तार, मग त्या तारेला लागू पडणारा उपाय, आणि शेवटी अर्ज. हा क्रम सोडू नका.

आधी वर्षाचे गणित

सारसाचे वर्ष आणि वीज खात्याचे वर्ष एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते. पाऊस सुरू झाला की जोड्या आपापली जागा धरतात. जुलै ते सप्टेंबर हा घरट्यांचा मुख्य काळ. बहुधा दोन अंडी, साधारण महिनाभर उबवणे, आणि त्यानंतर पिल्लू उडायला लागेपर्यंत जवळपास तीन महिने. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धान कापून होत असताना पिल्ले पहिल्यांदा हवेत येतात, आणि नेमके तेव्हाच सकाळी धुके असते. पुढे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पाणी आटत जाते तसे पक्षी मोठ्या तलावांवर, वैनगंगा आणि वाघ नदीच्या काठाने गोळा होतात.

दुसरीकडे, वीजवाहिन्यांची मान्सूनपूर्व देखभाल एप्रिल-मे महिन्यांत चालते. तारा ओढणे, खांब सरळ करणे, फांद्या छाटणे ही कामे तेव्हा होतात आणि त्यासाठी वाहिनी बंदही ठेवली जाते. तुमचे काम त्या यादीत बसवायचे असेल तर अर्ज फेब्रुवारीपर्यंत कार्यालयात पोचला पाहिजे. त्यासाठी निरीक्षण नोव्हेंबर ते जानेवारी. ऑगस्टमध्ये अर्ज दिला तर बांधीत (धानाच्या खाचरात) चिखल असतो, शिडी-गाडी जात नाही, जवळपास घरटे असते. त्या वेळी काम होऊ नये हेच बरे.

टप्पा १: माणसे आणि वही

चार-पाच जण पुरे. त्यात ज्यांच्या बांध्या तलावाला लागून आहेत ते शेतकरी हवेतच, कारण पहाटे पाणी पाहायला तेच जातात. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांपैकी एकजण घ्या. तलावावर पक्षी रात्री कुठे उभे राहतात हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते. गावचा लाइनमन पहिल्या दिवसापासून सोबत असू द्या. तो तक्रारीचा विषय नाही, या कामातला सर्वांत जाणता माणूस तोच आहे. कोणती तार कुठून येते, कुठे झोळ पडला आहे, कोणत्या गाळ्यात (दोन खांबांमधल्या अंतरात) वाहिनी वारंवार ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते, हे त्याला तोंडपाठ असते.

सामान थोडके: एक जाड वही, पेन, जमल्यास दुर्बीण, लोकेशन दाखवणारा मोबाइल, आणि तलाठ्याकडचा गट क्रमांकांचा गाव नकाशा. नकाशाची झेरॉक्स मोठी करून घ्या. त्यावर तलाव, बोड्या (छोटी तळी), नाले, धानाच्या बांध्या आणि सगळ्या वीजवाहिन्या पेन्सिलीने काढा. पेन आत्ता नको, दोन-तीन आठवड्यांत बरेच खोडावे लागते.

ड्रोन अजिबात नको. त्याच्या आवाजाने पक्षी दचकून उडतात, आणि दचकलेला पक्षी तार बघत नाही.

टप्पा २: पक्ष्यांची वाट नोंदवणे

बहुतेक ठिकाणी हाच टप्पा गाळला जातो. लोक म्हणतात, आम्हाला ठाऊक आहे सारस कुठे असतो. सारस कुठे असतो हे ठाऊक असते, तो तिथे कोणत्या वाटेने येतो हे क्वचितच कोणी पाहिलेले असते. मरण त्या वाटेवर आहे, मुक्कामावर नाही.

सारस रात्री उथळ पाण्यात उभा राहून मुक्काम करतो. उजाडताना चरायला शेतात जातो, सांजेला परत येतो. त्यामुळे पाहायच्या वेळा दोनच: उजाडण्याच्या अर्धा तास आधीपासून पुढचे दीड-दोन तास, आणि सूर्यास्ताच्या तासभर आधीपासून अंधार होईपर्यंत. दुपारी केलेल्या निरीक्षणाचा या कामाला उपयोग नाही.

दोन माणसे मुक्कामाच्या बाजूला आणि दोन तारेच्या बाजूला उभी करा. प्रत्येक उड्डाणाची एक ओळ वहीत लिहा: तारीख, वेळ, किती पक्षी, त्यात यंदाची पिल्ले किती (त्यांचे डोके-मान तपकिरी असते, मोठ्यांसारखी लाल नसते), कोणत्या दिशेने आले, कोणत्या दोन खांबांच्या मधून गेले, धुके किंवा वारा होता का. आणि सर्वांत महत्त्वाचा रकाना उंचीचा. त्यात चारच शब्द वापरा: तारेखालून, तारांमधून, तारेला घासून वरून, बरेच वरून. मीटरमध्ये अंदाज लिहू नका. दहा माणसे दहा आकडे सांगतात, पण 'तारेखालून गेला' यावर कोणाचे दुमत होत नाही.

सारस जड पक्षी आहे. उभा राहिला की माणसाइतका उंच, पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत साधारण सव्वादोन ते अडीच मीटर. तो जागेवरून सरळ वर उठत नाही. धावतो, मग हळूहळू उंची घेतो. म्हणून चरायच्या जागेला अगदी लागून असलेली ठेंगणी वाहिनी दूरच्या उंच टॉवरपेक्षा जास्त घातक ठरू शकते. शिवाय क्रौंचकुळातले पक्षी उडताना खाली जमीन पाहायला मान झुकवतात तेव्हा समोरचे त्यांना नीट दिसत नाही. तार दिसेपर्यंत वळायला जागा उरत नाही. वारा समोरून असेल तर ते आणखी खालून उडतात.

नोंद किमान दोन वेगवेगळ्या महिन्यांत घ्या. नोव्हेंबरातली वाट आणि जानेवारीतली वाट एकच असेल असे नाही. उन्हाळी धानाचे पाणी जिकडे सुटते तिकडे पक्षी वळतात.

*तपासा:* नकाशावर उड्डाणांच्या रेघा काढल्यावर त्या दोन-चार गाळ्यांवर एकवटलेल्या दिसतात का? दिसत असतील तर पुढे चला. रेघा सगळीकडे विखुरलेल्या असतील तर निरीक्षण अजून अपुरे आहे. पूर्ण वाहिनी बदला अशी मागणी कागदावर चांगली दिसते, पण तिचा खर्च पाहून ती बाजूला पडते. 'या चार गाळ्यांत करा' ही मागणी पदरात पडते.

टप्पा ३: तार ओळखणे

'विजेची तार' एवढे लिहून चालत नाही. तीन प्रकार वेगळे ओळखायला शिका.

घरगुती आणि पंपाची लघुदाब वाहिनी डीपीपासून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) निघते आणि तिच्यावर सहसा चार-पाच तारा असतात. ११ केव्हीची (किलोव्होल्टची) वाहिनी उपकेंद्रापासून डीपीपर्यंत येते. तिला तीन तारा असतात, बहुतेक वेळा दोन तारा आडव्या अँगलवर आणि एक खांबाच्या टोकावर. धानपट्ट्यात सर्वांत जास्त पसरलेली हीच. ३३ केव्हीची वाहिनी तशीच पण इन्सुलेटर मोठे, खांब उंच. या तिन्ही महावितरणच्या. त्याहून जास्त दाबाच्या वाहिन्यांचे लोखंडी टॉवर बहुधा महापारेषणचे किंवा पॉवरग्रिडचे असतात. टॉवरवरच्या पाटीवर कंपनीचे नाव, दाब आणि क्रमांक लिहिलेला असतो. चुकीच्या कंपनीला अर्ज गेला तर तो टेबलावरच राहतो.

मरणाची रीतही दोन प्रकारची आहे. ११ आणि ३३ केव्हीच्या तारांमधले अंतर सारसाच्या पंखविस्तारापेक्षा बरेच कमी असते. तो तारांमधून जाताना दोन तारांना एकाच वेळी लागला तर वीज त्याच्या अंगातून जाते. टॉवर वाहिनीवर तारा एकमेकांपासून खूप लांब असतात, तिथे धोका धडकेचा असतो, आणि तोही बहुधा सर्वांत वरच्या बारीक अर्थिंगच्या तारेचा. पक्षी जाड तारा पाहून वर उचलतो आणि न दिसणाऱ्या बारीक तारेवर आदळतो.

प्रत्येक धोकादायक गाळ्यासाठी हे लिहून घ्या: दोन्ही बाजूंच्या खांबांचे क्रमांक (पुसले असतील तर लाइनमनला विचारा), उपकेंद्र आणि फीडरचे नाव, जवळच्या डीपीचा कोड, गट क्रमांक, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, आणि तार जमिनीपासून किती उंच आहे. मोकळ्या शेतात ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेसाठी किमान ४.६ मीटर आणि ३३ केव्हीसाठी ५.२ मीटर उंची नियमाने हवी. त्याहून खाली झोळ असेल तर तो सारसाचाच नव्हे, ट्रॅक्टरवरून तणस नेणाऱ्या माणसाचाही प्रश्न आहे. मजुराच्या जिवाला धोका असलेली तक्रार लवकर उचलली जाते, आणि तेच न्याय्य आहे. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात घाला.

*सावधान:* उंची मोजायला बांबू, टेप, ओली दोरी काहीही तारेकडे नेऊ नका. खांबाला टेकून माणूस उभा करू नका. खांबापासून दूर, पण त्याच रांगेत एकजण उभा करून लांबून फोटो काढा आणि त्याच्या उंचीच्या पटीत अंदाज घ्या. नेमके माप लाइनमन त्याच्या साधनाने देतो.

टप्पा ४: योग्य उपाय ठरवणे

इथे घाई झाली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. उपाय पाच-सहा आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

झोळ पडलेला गाळा असेल तर पहिला उपाय तार ओढणे किंवा मध्ये एक खांब वाढवणे. स्वस्त, नेहमीच्या देखभालीत बसणारा. पण तुमच्या वहीत पक्षी 'तारेला घासून वरून' जात असतील, तर तार वर उचलल्याने ती नेमकी त्यांच्या वाटेत येईल. म्हणून उंचीचा रकाना आधी बघा.

तारांमधून जाणारे पक्षी असतील तर उघड्या तारा काढून त्या गाळ्यांत एबी केबल टाकणे हा चांगला मार्ग आहे. आवरण असलेल्या तारांचा तो एकत्र पिळलेला जाड दोर असतो. लागला तरी धक्का बसत नाही, आणि जाड असल्याने लांबून दिसतो. धडक पूर्ण टळत नाही, पण मरण बरेच कमी होते.

भूमिगत केबल सर्वांत खात्रीची. खर्चही सर्वांत जास्त. तलावाला लागून रात्रीचा मुक्काम आणि चराई यांच्या बरोबर मध्ये वाहिनी असेल, तेवढ्याच तुकड्यासाठी ती मागा. संपूर्ण फीडर भूमिगत करा म्हणू नका.

बर्ड डायव्हर्टर म्हणजे तारेवर बसवायच्या, वाऱ्याने फिरणाऱ्या किंवा फडफडणाऱ्या चकत्या, नाहीतर मळसूत्रासारखी वेटोळी. त्यांनी तार दिसते. साधारण ५ ते १० मीटर अंतराने, शेजारच्या तारांवर आळीपाळीने बसवतात. टॉवर वाहिनीवर त्या वरच्या अर्थिंगच्या तारेवर हव्यात, हे अर्जात स्पष्ट लिहा. आपल्याकडच्या धुक्यासाठी उजेड परावर्तित करणाऱ्या किंवा अंधारात चमकणाऱ्या चकत्या मागा. साध्या चकत्या पहाटे दिसत नाहीत. डायव्हर्टर धडका कमी करतो, थांबवत नाही. जिथे पक्षी तारांमधून जातात तिथे फक्त डायव्हर्टरवर समाधान मानू नका.

खांबावरच्या इन्सुलेटरला आवरण घालणे हा उपाय चुकीचा नाही, पण तो खांबावर बसणाऱ्या घारी, गरुड, घुबडे यांच्यासाठी आहे.

आणि शेवटचा उपाय वाहिनीच दुसऱ्या धुऱ्याने (बांधाने) वळवणे. जुन्या वाहिनीला हे अवघड आहे, नव्या वाहिनीला सर्वांत सोपे. त्यासाठी टप्पा ६ पाहा.

*सावधान:* तारेवर स्वतः लाल कापड, प्लास्टिकच्या बाटल्या, चमकणाऱ्या सीडी टाकण्याचा विचारही करू नका. ओली दोरी तारेवर फेकणाऱ्याचा जीव जातो. या एका बाबतीत हौसेला जागा नाही.

टप्पा ५: अर्ज

अर्ज एक पानाचा असावा. सोबत नकाशा, नोंदींची झेरॉक्स, प्रत्येक गाळ्याचा फोटो. पहिल्याच वाक्यात जागा आणि मागणी हवी. साधारण असा:

> "उपकेंद्र ______, फीडर ______, खांब क्र. ___ ते ___ (गट क्र. ___, मौजा ______) या __ गाळ्यांमधून सारस पक्षी रोज पहाटे व सायंकाळी तारांच्या उंचीवरून ये-जा करतात. सोबत नोव्हेंबर ते जानेवारीच्या नोंदी जोडल्या आहेत. खांब क्र. ___ जवळ तार जमिनीपासून अंदाजे ___ मीटरवर आली असून शेतमजुरांनाही धोका आहे. या गाळ्यांत एबी केबल टाकावी व ते होईपर्यंत परावर्तक डायव्हर्टर बसवावेत. काम मान्सूनपूर्व देखभालीत घ्यावे, ३० जूननंतर घरट्यांच्या काळात करू नये. संयुक्त पाहणीची तारीख कळवावी."

'संयुक्त पाहणी' हे शब्द अर्जात असलेच पाहिजेत. वीज कंपनीचा अभियंता, वनरक्षक किंवा वनपाल, ग्रामपंचायत आणि शेतकरी एकदा एकत्र बांधावर उभे राहिले की पुढचे पत्रव्यवहार छोटे होतात. पाहणी पहाटेची ठेवायचा आग्रह धरा. पक्षी तारांमधून जाताना अभियंत्याने स्वतः पाहिला तर तुम्हाला फार काही समजावावे लागत नाही.

अर्ज शाखा कार्यालयाच्या सहायक अभियंत्याच्या नावे, प्रती उपविभाग आणि विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला, उपवनसंरक्षकांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना. जिल्हाधिकाऱ्यांची प्रत विसरू नका. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, त्यानंतर सारस संवर्धनाचा विषय जिल्हा पातळीवरच्या समितीकडे आहे. खर्चाचा प्रश्न शाखा कार्यालयात सुटत नाही, तो त्या समितीत किंवा जिल्हा नियोजनाच्या निधीतून सुटतो. म्हणून अर्जाच्या शेवटी 'कामाचे अंदाजपत्रक तयार करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावे' ही ओळ घाला. अंदाजपत्रक नसेल तर निधी असूनही खर्च होत नाही.

प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी सांगितलेले आणि मोबाइलवर पाठवलेले धरू नका. ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर उत्तम. २६ जानेवारीची सभा या कामासाठी अगदी वेळेवर येते.

महिनाभर हालचाल दिसली नाही तर माहितीचा अधिकार वापरा. अर्ज १५० शब्दांच्या आत, एकाच विषयावर. विचारायचे तीनच: अर्जावर काय कार्यवाही झाली, त्या गाळ्यांची शेवटची तपासणी कधी झाली, अंदाजपत्रक तयार आहे का. उत्तर ३० दिवसांत द्यायचे असते. भांडणाचा सूर ठेवू नका. पुढची अनेक वर्षे याच कार्यालयासोबत काम करायचे आहे.

टप्पा ६: नवी वाहिनी येत असेल तर

शेतीच्या फीडरसाठी गावोगाव छोटे सौर प्रकल्प उभे राहत आहेत. दिवसा पाण्याला वीज मिळणे ही धान करणाऱ्यासाठी मोठी गोष्ट आहे, आणि त्याला विरोध करण्याचे काही कारण नाही. पण प्रकल्प गायरानावर आणि उपकेंद्र दूर, म्हणजे मध्ये नवी वाहिनी आली. ती तलावाच्या पाळीवरून गेली की वीस-पंचवीस वर्षे तिथेच राहते.

सौर प्रकल्पांना पर्यावरण परवानगीची अट लागू नाही, त्यामुळे त्यांची पर्यावरणीय जनसुनावणी होत नाही. सारसाची बाजू मांडायची जागा म्हणजे ग्रामसभा. जमीन देण्याचा किंवा ना-हरकतीचा विषय सभेत आला की त्याच वेळी वाहिनीच्या मार्गाचा नकाशा मागा. तुमच्या टप्पा २ च्या नकाशावर तो ठेवा. मार्ग मुक्काम आणि चराई यांच्या मधून जात असेल तर दुसरा धुरा सुचवा, किंवा तेवढ्या तुकड्यात भूमिगत केबलची अट ठरावात लिहा. सर्वेक्षणाच्या खुंट्या ठोकल्या जाईपर्यंत बदल सोपा असतो. खांब उभे राहिल्यावर तोच बदल कोणाच्याच हातात राहत नाही. वरोरा-भद्रावतीकडच्या माळरानांवर माळढोक होता. राजस्थान-गुजरातमधल्या माळढोकांसाठी तारांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आदेश दिला, तोवर बऱ्याच वाहिन्या उभ्या राहिल्या होत्या. सारसाच्या बाबतीत आपल्याकडे अजून वेळ आहे.

ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. तुमचा नकाशा आणि मुक्कामाच्या जागा त्यात चढवून घ्या. पुढे सरपंच बदलला, अभियंता बदलला, तरी तो कागद राहतो. घरट्याची नेमकी जागा मात्र त्यात उघड लिहू नका, तलावाचे नाव पुरे.

टप्पा ७: घरटे असताना

हा टप्पा छोटा आहे, कारण यात करण्यापेक्षा न करण्याचेच जास्त आहे. बांधीत किंवा बोडीत घरटे दिसले तर किमान शंभर मीटर दूर राहा. वनरक्षकाला कळवा. रोवणी, निंदण घरट्याच्या बाजूने उरकायचे असेल तर दुपारी, थोड्या माणसांनी, कुत्रा न नेता. घरट्याभोवतीचे धान तसेच उभे ठेवा, त्या बांधीत कीटकनाशक फवारू नका, पाणी अचानक सोडू किंवा भरू नका. पाणी चढले की अंडी बुडतात, उतरले की कोल्हा-कुत्रा पोचतो.

वीज खात्याला एवढेच कळवा: अमुक खांबांच्या परिसरात ऑक्टोबरपर्यंत तातडीचा बिघाड सोडून काम नको.

*सावधान:* घरट्याचे लोकेशन व्हॉट्सॲपवर टाकू नका. फोटोसुद्धा पिल्ले उडेपर्यंत स्वतःकडेच ठेवा. अंडी उचलणे किंवा घरटे मोडणे ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच धरली जाते.

टप्पा ८: तारेखाली पक्षी पडला तर

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. लोक धावत जातात, पक्षी उचलून गावात आणतात, मग फोटो. तारेखालची जागा तुडवली जाते, आणि कशाने मेला हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

१. आधी वर बघा. तार तुटली किंवा लोंबली आहे का? असेल तर दहा मीटरच्या आत जाऊ नका. पाणी भरलेल्या बांधीत तर त्याहून लांब राहा, ओल्या जमिनीतून वीज पसरते. पायाखाली झिणझिण्या जाणवल्या तर पाय न उचलता, घासत मागे या. १९१२ वर किंवा १८००-२३३-३४३५ वर वीज कंपनीला कळवून वाहिनी बंद झाल्याची खात्री करा.

२. वनविभागाला १९२६ वर कळवा. फोन केल्याची वेळ वहीत लिहा.

३. पक्ष्याला हात लावू नका. मेलेला वन्यप्राणी कायद्याने सरकारी मालमत्ता आहे. पीस, हाड काहीही घरी नेऊ नका. कुत्री आणि कावळे दूर ठेवायला एक माणूस बसवा.

४. फोटो काढा: पक्षी जसा पडला तसा, वरची तार आणि पक्षी एकाच चौकटीत, दोन्ही खांबांचे क्रमांक, जळालेली पिसे किंवा पायावरचे डाग जवळून. मापासाठी शेजारी विळा ठेवला तरी चालेल.

५. आसपास दुसरे मेलेले पक्षी शोधा. अनेक पक्षी पडले असतील, अंगावर जळल्याची खूण नसेल, तर विषबाधेचा संशय धरा आणि तसे वनरक्षकाला सांगा. म्हणजे शवविच्छेदनात व्हिसेरा (तपासणीसाठी आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला जाईल. 'तारेखाली पडला म्हणजे तारेनेच मेला' हे गृहीत धरणे ही मोठी चूक आहे. उलट चूकही तितकीच होते: जळल्याची खूण नाही म्हणून तारेला सोडून देतात. धडकेत मान किंवा पंख मोडतो, जळत काहीच नाही.

६. पंचनाम्यात खांब क्रमांक, फीडर आणि तारेपासूनचे अंतर आले आहे का ते सही करण्यापूर्वी वाचा. शवविच्छेदन पशुवैद्यकाकडूनच होऊ द्या, आणि अहवालात मरणाचे कारण स्पष्ट लिहावे अशी विनंती करा.

७. उपकेंद्रातल्या ट्रिपिंगच्या नोंदीची प्रत मागा. त्या सकाळी ठरावीक मिनिटाला ती वाहिनी ट्रिप झाली असेल तर यापेक्षा पक्का पुरावा नाही. ही नोंद फार थोडे लोक मागतात.

पक्षी जिवंत असेल तर गर्दी हटवा, पाणी पाजू नका, बांधू नका. चोचीचा घाव थेट डोळ्यावर येतो, म्हणून जाणत्या माणसाशिवाय धरू नका. भाजल्याची जखम बाहेरून छोटी दिसते, आत खोल असते. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला हलवण्याचा निर्णय वनविभाग घेईल, तुम्ही तो लवकर घ्यायला लावा. जोडीदार जवळच घुटमळत असतो, ओरडतही असतो. त्याच्यामागे मोबाइल घेऊन जाऊ नका. घाबरून उडाला तर तो त्याच तारेकडे जातो.

शेतातल्या करंटबद्दल

रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत थेट लाइनचा करंट सोडणे बंद करा. त्याने आपल्याच गावची माणसे, बैल आणि वाघ मेले आहेत, आणि उथळ पाण्यातून चालणारा सारसही वाचत नाही. सौर कुंपणाचा झटका क्षणाचा असतो, मारक नसतो. थेट करंट गुन्हा आहे, आणि शेजाऱ्याने तो पाहून गप्प बसणे धोक्याचे आहे. आधी समजावा, ऐकले नाही तर लाइनमनला सांगा.

टप्पा ९: उपाय बसल्यानंतर

डायव्हर्टर बसले, एबी केबल पडली, हार-तुरे झाले, आणि वही बंद झाली. बहुतेक ठिकाणी काम इथेच तुटते. चकत्या वाऱ्याने घसरून गाळ्याच्या मध्यभागी गोळा होतात, काही गळून पडतात, परावर्तक पट्टी उन्हाने फिकी पडते. दर पावसाळ्यानंतर, म्हणजे ऑक्टोबरात, प्रत्येक गाळ्यातल्या चकत्या मोजा आणि बसवल्या तेव्हाच्या संख्येशी ताडून पाहा.

दर पंधरवड्याला वाहिनीखालून एक फेरी मारा, दोन्ही बाजूंना पंधरा-वीस मीटर बघत. फेरी पहाटेचीच हवी. रात्री पडलेला पक्षी कुत्री आणि कोल्हे उजाडेपर्यंत ओढून नेतात, दुपारी फक्त पिसे सापडतात. पिसे सापडली तरी ती नोंद आहे. काहीच सापडले नाही तरी तारीख टाकून 'काही नाही' असे लिहा. दोन वर्षांनी शेजारच्या गावाला हाच उपाय मागायचा असेल तेव्हा कार्यकारी अभियंता पहिला प्रश्न विचारेल: बसवल्यावर किती मेले? त्याचे उत्तर त्या रिकाम्या ओळींत असते.

वाटही पुन्हा तपासा. तार बदलली की पक्षी कधी कधी शेजारच्या गाळ्यातून जाऊ लागतात. नोव्हेंबर आला की पुन्हा टप्पा २, तीच माणसे, तीच वही, आणि शक्य असेल तर यंदा एक-दोन शाळकरी मुले जास्त.